गॉड्स लिट्ल सोल्जर

गॉड्स लिट्ल सोल्जर : मराठी व इंग्रजी कादंबरीकार किरण नगरकर (२ एप्रिल १९४२–५ सप्टेंबर २०१९) यांची इंग्रजी कादंबरी (२००६). धर्मासाठी गुन्ह्याच्या मार्गाने जाणाऱ्या एका मुंबईकर तरुणाची ही कथा असून तो ख्रिस्ती मठात साधू म्हणून राहत असतानाचा काळ तिच्या मध्यभागी येतो. कट, पलायने व शस्त्रांचे व्यवहार यांमुळे ती बाह्यतः गुन्हेकथेच्या वळणाने जाते. तिचा खरा विषय मात्र श्रद्धा हा आहे.

झिया खान हा मुंबईतील एका सुखवस्तू, उदारमतवादी मुस्लिम कुटुंबातील मुलगा. गणितात त्याला असामान्य गती आहे. घरातील वातावरण मोकळे. तथापि धर्मनिष्ठ झुबेदाखालाच्या प्रभावामुळे, आपण ईश्वराने निवडलेले आहोत, अशी त्याची लहानपणीच धारणा होते. इंग्लंडमध्ये गेल्यावर तो सलमान रश्दी यांच्या हत्येचा बेत आखतो. पुढे अफगाणिस्तानातील लढाईत उतरतो. त्यानंतर अमेरिकेत ट्रॅपिस्ट पंथाच्या मठात तो ब्रदर लूसेन्स या नावाने राहू लागतो. गर्भपातविरोधी मोहिमेसाठी पैसा हवा म्हणून शेअरबाजार, आणि त्यामागोमाग शस्त्रव्यापार, असा या साधूचा प्रवास होतो. अखेरीस तो तेजस निरंतर हे हिंदू नाव धारण करतो.

झिया, लूसेन्स व तेजस या तिन्ही नावांचा अर्थ प्रकाशाशी निगडित आहे. अरबी, लॅटिन व संस्कृत अशा तीन भाषांतून नगरकर एकच नाव पुनःपुन्हा ठेवतात, हे सहज घडलेले नाही. नायकाचा धर्म बदलतो, प्रार्थनेची भाषा बदलते, शत्रू बदलतात. त्याची निःशंकता तेवढी बदलत नाही. म्हणूनच या कादंबरीस श्रद्धासंकटाची कथा म्हणताना जपून बोलावे लागते. संकट उद्भवण्यासाठी संशय लागतो, आणि झियाला संशय असा फारसा शिवतच नाही. एक श्रद्धा कोसळली, की तो थांबून विचार करीत नाही, दुसरी उचलतो.

पाश्चात्त्य साहित्यात व चित्रपटांत धर्मोपदेशक आणि गुन्हा यांची सांगड जुनी आहे. ग्रेअम ग्रीनच्या द पॉवर अँड द ग्लोरी (१९४०) या कादंबरीतील मद्यपी पाद्री स्वतःच्या अपात्रतेची जाणीव बाळगूनही आपले व्रत सोडत नाही. हिचकॉकच्या आय कन्फेस (१९५३) या चित्रपटातील पाद्र्याला खुन्याने पापनिवेदनात दिलेली कबुली ठाऊक असते. संशय स्वतःवर आला, तरी तो ती उघड करू शकत नाही. या दोन्ही कृतींत तणाव उत्पन्न होतो, तो पाद्र्याच्या अंतर्यामी. नगरकरांनी ही रचना उलटी केली आहे. त्यांच्या साधूचे अंतर्याम स्वच्छ, जवळजवळ रिकामे आहे आणि सारी खळबळ बाहेरच्या जगात आहे. थरारकथेस असा नायक सोयीचा ठरतो, कारण तो कोठेही अडखळत नाही. परंतु त्याची किंमत कादंबरीस द्यावी लागली आहे. मठातील भागानंतर घटना वाढत जातात, स्थळे बदलतात, झिया मात्र वाचकास नव्याने काही सांगत नाही. पाचशेहून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथाचा उत्तरार्ध त्यामुळे रेंगाळतो.

संशयाची बाजू नगरकरांनी झियाच्या भावाकडे, अमानतकडे सोपविली आहे. अमानत लेखक असून कबीरावर लिहितो. हे लेखन कादंबरीतच अंतर्भूत आहे. कोणत्याही एका धर्माच्या चौकटीत न मावणारा कबीर आणि प्रत्येक धर्माची चौकट तुरुंगासारखी आवळून घेणारा झिया, हा विरोध प्रभावी आहे. फक्त तो थोडा अधिक उघड झाला आहे. दोन भावांत गुणदोषांची वाटणी इतकी नेटकी झाल्यावर वाचकास निवड करावयास फारसे उरत नाही.

याउलट रावण अँड एडी (१९९४) या कादंबरीत हेच प्रश्न माझगावच्या चाळीत, हसतखेळत येतात. खालच्या मजल्यांवर हिंदू व सर्वांत वरच्या मजल्यावर कॅथलिक, अशी तेथील वस्ती. तान्ह्या रावणाच्या पडण्याने एडीचे वडील दगावतात आणि खुनी हा शिक्का त्या मुलाच्या मागे लागतो. कॅथलिक एडी हिंदुत्ववादी शाखेकडे ओढला जातो. अपराध आणि धर्म यांचे नाते तेथे जिन्यावरच्या, नळावरच्या व्यवहारांतून उलगडते, सिद्धांतातून नव्हे. गॉड्स लिट्ल सोल्जरमध्येही बालपणाचा, मुंबईचा भागच सर्वांत जिवंत उतरला आहे, हे लक्षणीय होय.

सात सक्कं त्रेचाळीस (१९७४) या मराठी कादंबरीनंतर नगरकर इंग्रजीकडे वळले, याची खंत मराठीत व्यक्त झाली. त्या नाराजीमुळे प्रस्तुत कादंबरीची मराठीत पुरेशी चिकित्सा झाली नाही, असे म्हणावे लागते. जर्मन भाषांतराद्वारे मात्र तिला मोठा वाचकवर्ग लाभला. अमानतच्या लेखनातील कबीर नगरकरांच्या मनातून गेला नाही. द आर्सनिस्ट (२०१९) या अखेरच्या कादंबरीत तो स्वतंत्र नायक म्हणून अवतरला.