उलटे गवे आणि वेग

भिवंडीतील एका शाळेच्या भित्तिपत्रकावरचे ‘यंत्रमाग’ या विषयाला वाहिलेले गूढ शब्दकोडे आम्ही सोडवायला घेतले. १९१३ साली ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन यांचे कोडे छापून आले, त्यात सरळ अर्थ विचारले होते. गूढ कोड्यात सूचनेला दोन वाटा असतात, एक अर्थाची, दुसरी शब्दखेळाची. दोन्ही एकाच उत्तराशी पोचायला हव्यात.

‘मराठी माणूस मिरवतो, मागावर आडवा जातो (२)’. बाणा! येथे आम्ही मनापासून दाद दिली.

‘गवे उलटले की मिळे अंतर भागिले काळ (२)’ येथे मात्र अडलो. ‘गवे’ उलटून ‘वेग’ मिळतो खरा. पण अंतर भागिले काळ म्हणजे चाल. वेगाला विस्थापन हवे, म्हणजे दिशाही आली. चौकटी दोन्ही शब्दांना दोनच! पाठ्यपुस्तक नीट वाचलेला विद्यार्थी ‘चाल’ लिहून फसणार आणि व्याख्येकडे न बघणारा बरोबर ठरणार. विज्ञानाच्या कोड्यात हा दोष किरकोळ मानता येत नाही.

गंमत म्हणजे उदाहरण कोड्यातच होते. आणखी एक उत्तर होते ‘धोटा’. तो मागाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊन मूळ जागी परततो. त्या फेरीत विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेग शून्य. सरासरी चाल मात्र शून्य नाही. (धोट्याचा खटखटाट भिवंडीच्या मुलांना वेगळा ऐकवावा लागत नाही.) आमची दुरुस्ती अशी : ‘गवे उलटले, धोटा परतला की याची सरासरी शून्य (२)’.