चित्रकाराचं नाव बदललं की चित्रातली बाईही बदलते

संशोधन प्रस्ताव लिहायला बसला असाल, तर आज एक चित्र बघू. ग्लासगोच्या पोलोक हाउसच्या संग्रहातलं 'फर पांघरलेली स्त्री'. सोळाव्या शतकातलं स्पॅनिश व्यक्तिचित्र. डोक्यावर झिरझिरीत वस्त्र, अंगावर फर, ती गळ्याशी सावरणारा हात आणि थेट तुमच्याकडे बघणारे डोळे. ही बाई कोण, ते आजही पक्कं ठरलेलं नाही.

१८३८ मध्ये पॅरिसच्या लूव्रमध्ये हे चित्र लोकांसमोर आलं ते एल ग्रेकोचं म्हणून. मग बाई कोण? कुणी म्हणालं त्याची मुलगी, कुणी म्हणालं त्याच्या मुलाची आई हेरोनिमा दे लास कुएव्हास. पुरावा काय, तर नजरेतली जवळीक! म्हणजे ती जवळची वाटते कारण ती त्याची कुणीतरी आहे, आणि ती त्याची कुणीतरी आहे कारण जवळची वाटते. असा गोल फिरणारा युक्तिवाद तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असेल, तर गाइड लाल पेन काढतीलच.

पुढे एल ग्रेकोबद्दल शंका आल्या. काही अभ्यासकांनी सोफोनिस्बा आंग्विसोलाचं नाव सुचवलं. ही इटालियन चित्रकर्ती १५५९-६० च्या हिवाळ्यात स्पेनच्या दरबारात आली होती. चित्राला दरबार मिळाला आणि बाई झाली राजा दुसऱ्या फेलिपेची मुलगी, कातालिना मिकाएला. चेहरा तोच, ओळख मात्र नवी.

खरं सांगायचं तर हे उत्तर मलाही आवडलं असतं. आंग्विसोलावर अन्याय झालाच होता. प्रादो संग्रहालयातलं फेलिपेचं तिनं काढलेलं चित्र कितीतरी वर्षं आलोन्सो सांचेस कोएयो या दरबारी चित्रकाराच्या नावावर होतं. पण एका ठिकाणी झालेला अन्याय हा दुसऱ्या चित्राचा पुरावा होत नाही. ग्लासगो विद्यापीठ, तिथली संग्रहालयं आणि प्रादो यांनी २०१४ पासून या चित्राचा तांत्रिक अभ्यास केला, रंगद्रव्यं आणि काम करण्याची पद्धत ताडून पाहिली. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: चित्रकार सांचेस कोएयो. तोच!

मग त्याचं नाव इतकी वर्षं मागे का राहिलं? माझ्या मते याचं एक कारण म्हणजे त्याच्यावर बसलेला 'थंड चित्रकार' हा शिक्का. त्याचं १५७९ चं राजकन्या इसाबेल क्लारा एउखेनियाचं चित्र पाहिलं की तसं वाटतंही. जड पोशाख, दागिने, ताठ मान. पण दरबारी व्यक्तिचित्रात राजकन्येनं तसंच दिसायचं असतं. तो चित्रप्रकाराचा नियम झाला, चित्रकाराचा स्वभाव नव्हे. याच राजकन्येचं त्यानं पुढे काढलेलं दुसरं चित्र बघा. तिथे तिचा हात शेजारी गुडघे टेकून बसलेल्या माग्दालेना रुइसच्या डोक्यावर आहे. माग्दालेना दरबारातली वयस्क सेविका. तिचा सुरकुतलेला चेहरा सांचेस कोएयोनं किती लक्ष देऊन रंगवलाय! बाईच्या चेहऱ्यापाशी थांबणारी नजर त्याच्याकडे होतीच. हे चित्र प्रादोत आहे, लपलेलं नव्हतं. शिक्का पुसायची तयारी कमी पडली.

नवं नाव मिळालं म्हणून फरवाली बाई कोण, हे काही कळलेलं नाही. तिथे परत नवी गोष्ट रचायची घाई नको.

तुमच्यासाठी काम एवढंच. प्रस्तावातली वाक्यं दोन रकान्यांत मांडा. पहिल्यात साधनांत प्रत्यक्ष दिसतं ते, दुसऱ्यात नावामुळे, शिक्क्यामुळे किंवा आवडीमुळे आपण धरून चाललोय ते. दुसरा रकाना लांबला तर घाबरू नका. संशोधनाचा प्रश्न बहुधा तिथेच सापडेल. फक्त आपल्याला आवडलेलं उत्तर चुकीचं निघालं, तर ते प्रबंधात तसं लिहायची तयारी आधीच ठेवा.