दिनशॉजीचा राग, गुस्तादची समजूत

सप्टेंबर २०१०मध्ये मुंबई विद्यापीठाच्या फाटकाशी रोहिंटन मिस्त्री यांच्या ‘सच अ लाँग जर्नी’ या कादंबरीच्या प्रती जाळण्यात आल्या. पाठोपाठ कुलगुरूंनी तातडीचा अधिकार वापरून ती बी.ए.च्या अभ्यासक्रमातून काढली. तक्रार आदित्य ठाकरे यांची होती. ते तेव्हा सेंट झेवियर्समध्ये शिकत होते. शिवसेनेविषयी आणि मराठी माणसांविषयी अपमानास्पद मजकूर, हा आक्षेप. कादंबरी १९९१ची, बुकरच्या अंतिम यादीत आलेली. मी तोवर ती वाचली नव्हती. जाळली म्हणून वाचली, हे कबूल केलेले बरे.

आक्षेप खोटा नव्हता. मजकूर आहे आणि तो बोचतो. कादंबरीच्या बाजूने उभे राहिलेल्यांची ढाल ठरलेली होती: हे पात्राचे मत आहे, लेखकाचे नव्हे. मला ही ढाल तकलादू वाटते. उद्या तेच मत कुणी स्वतःच्या नावाने निबंधात लिहिले, तर तो निबंध वर्गातून काढायचा का? शिवाय पात्राच्या आडोशाला गेले की नेमके काय म्हटले आहे, ते वाचायचेच राहून जाते.

काळ १९७१चा. गुस्ताद नोबल आणि दिनशॉजी हे दोघे पारशी, फ्लोरा फाउंटनजवळच्या बँकेतले सहकारी. दिनशॉजी वात्रट, तोंडाळ, बँकेतल्या मुलीची अश्लील थट्टा करणारा आणि आतून आजाराने पोखरलेला. रस्त्यांची नावे बदलली म्हणून तो शिव्या देतो. त्यावर गुस्ताद त्याची समजूत काढतो, ती साधारण अशी: मराठ्यांना त्यातच आनंद असेल, तर करू देत बापडे नामांतर, तेवढेच गुंतून राहतील. नावात काय आहे?

माझ्या मते या प्रसंगातले सर्वांत अपमानकारक वाक्य हे आहे, आणि ते नायकाच्या तोंडी आहे. त्यात शिवी नाही, आवाजही चढलेला नाही. मुलाच्या हाती खुळखुळा द्यावा तशी ही उदारता. दिनशॉजी मात्र ते मानत नाही. नावे फार महत्त्वाची असतात, असे तो म्हणतो. ज्या लॅमिंग्टन रोडवर तो वाढला, तो आता दादासाहेब भडकमकर मार्ग झाला आहे; मग आपण जगलो ते आयुष्य चुकीच्या नावांनी जगलो काय, असा त्याचा सवाल आहे. नावाचे मोल जाणणारा या संवादात तो एकटाच. म्हणजे शिव्या देणारा दिनशॉजी हुतात्मा चौक हे नाव मागणाऱ्यांच्या अधिक जवळचा ठरतो! नाव बदलले की जगणे बदलते, हे दोघांनाही मान्य आहे. भांडण आहे ते कुणाची आठवण पाटीवर राहणार याचे.

आमच्या घरी फाउंटन म्हटलेले चालत नसे. २१ नोव्हेंबर १९५५ला मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा वडील त्या गर्दीत होते. २०१०च्या दिवाळीत मी त्यांना हा उतारा मराठीत सांगत सांगत ऐकवला. ते भडकले. गुस्तादचे वाक्य आले तेव्हा जरा जास्तच. मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी विचारले, “हा दिनशॉजी जन्मभर फाउंटनलाच कामाला येत होता ना? मग त्या दिवशी तो कुठे होता?”

कादंबरीवरचा इतका नेमका प्रश्न मी समीक्षेत वाचलेला नाही. त्या चौकात माणसे मेली, हे दिनशॉजीच्या गाऱ्हाण्यात कुठेच येत नाही. त्याला हरवलेले नाव दिसते, नव्या नावामागचे रक्त दिसत नाही. हे आंधळेपण पात्राचे की मिस्त्रींचे? कादंबरी तिथे उत्तर देत नाही, आणि तिला माफ करावे असेही मला वाटत नाही.

पण हे विचारायला पुस्तक समोर असावे लागते. बी.ए.च्या वर्गात चळवळीतल्या कुणाची नात आणि फोर्टमधल्या एखाद्या पारशी कारकुनाचा नातू एकाच बाकावर असू शकले असते. तिने हा प्रश्न विचारला असता, त्याला काहीतरी उत्तर द्यावे लागले असते. कदाचित तेही अपमानकारक असते. त्या सप्टेंबरात अभ्यासक्रम अभ्यास मंडळात नव्हे, फाटकावर ठरला, आणि हा तास झालाच नाही.

वडिलांनी नंतर ते पुस्तक मागून घेतले. इंग्रजी त्यांना जेमतेम येई. तरी त्या पानाचा कोपरा दुमडलेला मला पुढे सापडला.