‘यमकवग्गा’ची पहिली गाथा आणि मराठी कान

किनवट तालुक्यातील इस्लापूर येथे मागील वर्षावासात धम्मपदाचे वाचन चालू असताना एका तरुण उपासकाने पहिल्या वग्गाचा स्वतः केलेला अभंगरूप अनुवाद आमच्या हाती दिला. रचना गेय होती; उपासिकांना ती ऐकताक्षणीच आवडली. तिचा हा गुण मान्य करूनच आम्ही तिची चिकित्सा करीत आहोत, कारण तिच्यातील चुका त्या तरुणाच्या एकट्याच्या नाहीत. पाली शब्द मराठी कानाने ऐकण्याची सवय आपणां सर्वांनाच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी व पाली या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा दिला, याचा आनंद आहेच. परंतु दोहोंतील जवळीकच अनुवादकास फसविते.

वग्गाचे नाव ‘यमक’, तेव्हा चरणान्ती यमक साधलेच पाहिजे, अशी अनुवादकाची समजूत झाली. येथे यमक म्हणजे जोडी. या वग्गातील २० गाथा जोडीजोडीने येतात, म्हणून हे नाव. अंत्ययमकाचे बंधन गाथेस नाही. पहिल्या गाथेत प्रत्येकी आठ अक्षरांचे सहा चरण असून तिची लय गरु-लहु अक्षरांच्या क्रमातून सिद्ध होते. ६-६-६-४ अक्षरांच्या मोठ्या अभंगात ती बसविताना शब्द गाळावे लागले आणि यमकासाठी नवे घालावे लागले. ‘योगा’शी जुळावा म्हणून ‘भोग’ आला आणि त्याच्यामागून प्रारब्धही आत शिरले!

याहून गंभीर बाब ‘चे’ या एकाक्षरी शब्दाची. ‘मनसा’ या तृतीयान्त पदापुढील ‘चे’ मराठी वाचकास षष्ठीचा प्रत्यय वाटतो आणि तो ‘मनाचे’ असे वाचून मोकळा होतो. वस्तुतः हा निपात असून त्याचा अर्थ ‘जर’ असा आहे. दूषित मनाने जर कोणी बोलला वा वागला, तर दुःख त्याच्यामागे येते, असे गाथा सांगते. ‘जर’ गेला की अट गेली. आणि अट गेली की दुःख टाळण्याची वाटही गेली. तसेच ‘वहतो’ हे ‘वाहतो’ असे क्रियापद नव्हे. ते षष्ठीचे रूप आहे : ओढणाऱ्याच्या, म्हणजे गाडी ओढणाऱ्या बैलाच्या, पावलामागे चाक येते.

आता अलंकाराकडे वळू. अनुवादकाने दुःखालाच चाक म्हटले आहे. हे रूपक झाले. मूळ गाथेत उपमा आहे. ‘चक्कं’ या पदापुढील ‘व’ हा ‘इव’चा संक्षेप होय. उपमेत दुःख व चाक वेगळे राहतात. साम्य केवळ मागोमाग येण्यापुरते असते. बैल जुंपलेला आहे तोवरच चाक त्याच्यामागे येते, हे बैलगाडी पाहिलेल्यास सांगावयास नको. रूपकात मात्र दुःख हेच आपोआप फिरणारे चक्र ठरते आणि आपल्या खेड्यांतील कानांना त्यात जन्माचा अटळ फेरा ऐकू येतो. उपमा-रूपकाचा भेद परीक्षेपुरता पाठ करण्याचा नाही, असे आमचे मत आहे ते यासाठीच.

‘भासति’, ‘करोति’ यांचा अनुवाद ‘मी बोलतो, मी करतो’ असा का झाला, हे प्रथम आमच्या ध्यानात येईना. मग उलगडा झाला. मराठी शालेय व्याकरणात ‘मी’ प्रथमपुरुषी. पालीत पठमपुरिस म्हणजे ‘तो’, आणि ‘मी’ हा उत्तमपुरिस. संज्ञा तोंडपाठ होती, परंतु ती दुसऱ्या घरची होती.

पालीस स्वतःच्या संज्ञा आहेत. सिंहलद्वीपातील संघरक्खित थेरांनी छंदावर ‘वुत्तोदय’ व अलंकारांवर ‘सुबोधालंकार’ हे ग्रंथ रचले. बाबासाहेबांनी स्वतः पाली व्याकरण व शब्दकोशासाठी परिश्रम घेतले. ते काम महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन व भाषणांच्या १६ व्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केले. तो खंड किती विहारांतील कपाटांतून खाली उतरतो?

त्या तरुणाने अनुवाद पुन्हा हाती घेतला आहे. लहान अभंगाचा आठ अक्षरी चरण घ्यावा, यमक सोडावे, आणि ‘जर’ व ‘जसे’ हे दोन शब्द कशाहीसाठी गाळू नयेत, एवढेच आम्ही सुचविले. यमकावाचून चाल बसत नाही, अशी उपासिकांची तक्रार आहे, आणि ती खरी आहे.