हललेली शेपटी आणि बसवलेले बालपण

आरंभकाळातील छायाचित्रांत मुले दिसली, की आपण ‘किती निरागस!’ म्हणून मोकळे होतो. आम्हाला या शब्दाबद्दल शंका आहे. ही निरागसता मुलाची, की त्याला तसे बसवणाऱ्यांची?

१८३९ मध्ये पॅरिसला दागेरोटाइपची पद्धत जाहीर झाली, तेव्हा एका चित्राला कित्येक मिनिटे लागत. १८४० मधील पेट्झवालच्या भिंगाने आणि नव्या रसायनांनी हा वेळ सेकंदांवर आणला. तरीही तेवढा वेळ स्तब्ध राहणे तान्ह्या मुलाला आणि कुत्र्याला सारखेच अवघड. मोठ्यांच्या मानेमागे लोखंडी आधार असे. तान्ह्याला आई धरी आणि तिच्यावर कापड टाकून तिचीच खुर्ची केली जाई. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे बाळ मांडीवर घेतलेल्या गुलाम दाया चित्रात आल्या. पण बहुतेकींची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. सर्वांत रेखीव चित्र यायचे ते मेलेल्या मुलाचे, कारण तेच हलत नसे. निरागसतेची ही किंमत आपण विसरतो.

पायाशी बसवलेला कुत्रा घरची सुबत्ता आणि मुलाचा लळा सांगण्यासाठी असे. पण कित्येक चित्रांत त्याचे डोके किंवा शेपटी धुरासारखी पुसट झाली आहे. तैलचित्रकाराने ती शेपटी नीट रंगवली असती. कॅमेऱ्याला तसे खोटे बोलता आले नाही, आणि म्हणूनच त्या चौकटीत सर्वांत खरी आम्हाला ती शेपटीच वाटते.

पुढे तंत्र सुधारले; बसवणे थांबले नाही. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनने १८७२ मध्ये नात्यातल्या एका मुलीच्या खांद्यांना हंसाचे जड पंख बांधून तिला फरिश्ता केले. चित्र सुंदर आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मुलीचा चेहरा पाहावा: त्यात स्वर्ग कमी आणि कंटाळा जास्त आहे. आमच्या मते या चित्राचे मोठेपण त्या कंटाळ्यात आहे, कारण बाईंनी तो पुसला नाही.

लुइस कॅरोलने १८५८ मध्ये ऑक्सफर्डच्या डीनची लेक ॲलिस लिडेल हिला फाटके कपडे घालून भिकारीण म्हणून उभे केले. हा श्रीमंत घरातला खेळ. खेळ संपला की फाटके कपडे उतरत. याच्या शेजारी लंडनच्या डॉ. बर्नार्डोंची चित्रे ठेवावीत. रस्त्यावरच्या मुलांची ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी चित्रे विकून ते आपल्या अनाथगृहासाठी पैसे जमवीत. १८७७ मध्ये लवादापुढे हे प्रकरण गेले आणि मुलांची दैन्यावस्था मुद्दाम वाढवून दाखवणे गैर ठरले. संस्थेने पोरांना आसरा दिला, हे खरेच; पण आपली गरिबी कशी दिसावी, हे त्या पोरांना कुणी विचारले नव्हते. एकीकडे गरिबी हौस होती, दुसरीकडे भांडवल.

१८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून धावता घोडा टिपला. जनावराला थांबवण्याची गरज उरली नाही. मुलांना मात्र अजूनही ‘हलू नकोस, हस’ असेच सांगितले जाते. मदतीच्या आवाहनांतले रडके मूल पाहताना त्याला तसे कुणी बसवले, हे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. मुलाला न्याय देणाऱ्या समीक्षेची सुरुवात तिथूनच होते, असे आम्हाला वाटते.