‘संस्था’ या संज्ञेच्या मर्यादा : मानवी शरीराच्या अध्यापनाची एक चिकित्सा

मराठी शास्त्रीय परिभाषेत मानवी शरीराचे विवेचन पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण संस्था, चेतासंस्था, उत्सर्जन संस्था अशा शीर्षकांखाली केले जाते. हिंदीने यासाठी ‘तंत्र’ हा शब्द स्वीकारला, मराठीने ‘संस्था’. ‘सम्’ आणि ‘स्था’ यांपासून सिद्ध झालेल्या या शब्दाच्या मुळाशी एकत्र असण्याचा भाव आहे. तथापि शिक्षणसंस्था, सहकारी संस्था अशा रूढ वापरामुळे स्वतंत्र कार्यक्षेत्र व स्वतंत्र कारभार असलेले मंडळ हाच अर्थ मनात प्रथम उमटतो. प्रत्येक संस्थेस एक स्वतंत्र प्रकरण देण्याची पद्धत या समजास बळकटी देते. प्रस्तुत लेखात या मांडणीचीच चिकित्सा करावयाची आहे.

मूत्रपिंडाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. उत्सर्जनाच्या प्रकरणात त्याची ओळख गाळणी म्हणून होते. ती चुकीची नाही. निरोगी प्रौढाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातील जवळजवळ ९९ टक्के रक्तात परत जातो. परंतु हेच मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाद्वारे अस्थिमज्जेस लाल रक्तपेशी निर्माण करण्यास प्रवृत्त करते, रेनिनद्वारे रक्तदाबाच्या नियमनात भाग घेते आणि ड जीवनसत्त्वास कार्यक्षम रूप देऊन हाडांच्या बळकटीस हातभार लावते. दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात रुग्ण फिकट का पडतो, त्याची हाडे दुबळी का होतात, याचे उत्तर केवळ उत्सर्जनाचे प्रकरण पाठ केलेल्या विद्यार्थ्यास देता येत नाही.

हृदयही निव्वळ पंप नव्हे. १९८१ साली अडॉल्फो डी बोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या अलिंदातील ऊतींचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा मूत्रावाटे सोडियम व पाणी अधिक प्रमाणात बाहेर पडले. हृदय संप्रेरकही स्रवते, हे त्यातून पुढे सिद्ध झाले. स्वादुपिंड तर पाचकरस आतड्यात सोडते आणि इन्सुलिन रक्तात. त्यास कोणत्या एका संस्थेचे सभासद मानावे?

अध्यापनाच्या सोयीसाठी विभागणी आवश्यक आहे, हे मान्य करावयास हवे. मात्र सोय हेच सत्य मानले गेल्यास शरीर म्हणजे प्रकरणांची बेरीज ठरते. म्हणून रुळलेली संज्ञा बदलण्यापेक्षा अध्यापनाचा क्रम तपासणे अधिक उचित होय. प्रकरणे संपल्यावर एखादा विकार घेऊन सर्व संस्थांमधून त्याचा माग काढण्यास विद्यार्थ्यांस प्रवृत्त करावे आणि प्रश्नपत्रिकेतही त्यास स्थान द्यावे. तेव्हाच ‘संस्था’ या शब्दातील ‘सम्’ सार्थ होईल.