‘स्मृतिचित्रे’तील प्रसन्नता

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून या ग्रंथाची स्तुती बहुधा दोन शब्दांत होत आली आहे: साधेपणा आणि विनोद. हे दोन्ही गुण त्यात आहेतच. परंतु त्यांच्या आड एक प्रश्न झाकला जातो. धाकातले बालपण, लहरी पतीचा संसार, त्याच्या धर्मांतराने झालेली वर्षानुवर्षांची ताटातूट आणि नित्याची ओढगस्त ज्यांच्या वाट्यास आली, त्यांच्या लेखणीत ही प्रसन्नता आली कोठून? ती केवळ स्वभावाची देणगी असेल, तर तिचे वाङ्मयीन मोल थोडेच मानावे लागेल.

ग्रंथाच्या आरंभीचे वडिलांचे चित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १८५७ च्या बंडानंतर लक्ष्मीबाईंच्या मातामहांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारा जिन्नस धुऊन घ्यावयाचा, मीठसुद्धा! वाचक हसतो, पण हसता हसता त्याच्या ध्यानी येते की, या वेडाचे मूळ एका मृत्यूत आहे आणि त्याचा भार घरातील बायकामुलांवर पडला आहे. लक्ष्मीबाई आधी कारण सांगतात, मग हसतात. म्हणून वडील हास्यास्पद वाटले, तरी तुच्छ वाटत नाहीत.

टिळकांच्या चित्रणाची तऱ्हाही हीच. ते कवी, उदार, शीघ्रकोपी आणि हाती पैसा न टिकणारे. येथे चिकित्सक वाचक विचारील: पतीच्या अन्यायावर हे विनोदाचे पांघरूण तर नव्हे? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. तथापि पांघरूण घालणारा तपशील लपवितो. लक्ष्मीबाई तो उघड्यावर मांडतात. त्यांच्या वहीत येणे पुरते लिहिलेले आहे, वसुली तेवढी त्यांनी सोडून दिली आहे. क्षमेला यापरते प्रमाण कोणते हवे?

शिवाय हा विनोद सर्वकाळ चालू राहत नाही. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या आघाताची आणि नंतरच्या विरहाची पाने वाचताना हास्य मागे सरते व स्वर उघडा पडतो. जेथे हसणे खोटे ठरले असते तेथे त्या हसत नाहीत, म्हणूनच त्यांच्या इतर हसण्यावर आपला विश्वास बसतो. पुढे राहुरीस त्यांच्या मनात प्रश्न उठला: जातिभेद देवाने केला की माणसाने? उत्तर मिळताच त्यांनी ते आचरणात आणले. धुतलेल्या मिठाच्या घरातील मुलगी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागली. स्वतःच्या सोवळ्याची थट्टा करण्याचा अधिकार त्यांनी असा मिळविला आहे.

उत्तरभागात माणसांची गर्दी वाढते आणि प्रसंगांची वीण सैल होते, हे मान्य केले पाहिजे. १९३६ साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले आणि शेवटचा भाग त्यांच्या हातून पुरा झाला नाही. परंतु नाशिक, नागपूर, राजनांदगाव, नगर, सातारा आणि वैधव्यात कराची, असे त्यांचे बिऱ्हाड जेथे जेथे पडले, तेथे तेथे परकी माणसे घरची होत गेली. बदलीच्या गावी चारदोन वर्षे काढावयाची म्हणून तेथील शेजाराकडे पाठ फिरविणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही पाने अवश्य वाचावीत.

साहित्यशास्त्रात ‘प्रसाद’ हा शैलीचा गुण आहे. देवघरात तेच कृपेचे नाव आहे. ‘स्मृतिचित्रे’त हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. संसार न टाकता, त्यातील दुःख न नाकारता आणि कोणावरही सूड न उगविता जीवन गोड मानता येते, याची एवढी प्रांजळ साक्ष मराठी गद्यात क्वचितच आढळेल.